पानाकाकूंनी उघडलेली पेटी

पानाकाकूंना हे नाव कुणी दिलं ते आता सांगता येत नाही, पण ज्याने दिलं त्याची नजर चांगली होती. त्यांच्या एप्रनच्या खिशात चष्म्याशेजारी एक छोटा दुतोंडी पाना कायम असे, आणि बोलता बोलता हात त्याच्याशी चाळा करत असे. वय अठ्ठावन्न, धंदा शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचा. तळमजल्यावरच्या खोलीत खिडकीखाली लांब लाकडी टेबल होतं, त्यावर नेहमी दोन-तीन मशिनी पोट उघडून पडलेल्या असत. भिंतीवर डब्यांची रांग: सुया, शटल, बॉबिन, स्प्रिंगा, पट्टे. डब्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. काकूंना अंधारातही सापडलं असतं, दुसऱ्याला उजेडातही सापडलं नसतं.

तरुणपणी त्या कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायला होत्या. मशीन अडलं की मेकॅनिकची वाट बघायची, तोवर मुकादमाची बोलणी खायची. एकदा दोन तास झाले तरी मेकॅनिक आला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच मशीन आडवं केलं, खालची झाकणी काढली आणि आत गुरफटलेला दोरा कात्रीच्या टोकाने ओढून काढला. मशीन सुरू झालं. मुकादमाने तरीही झापलंच. "तुझं काम शिवायचं, उघडायचं नाही."

"शिवायचं बंद पडलं म्हणूनच उघडलं," काकू म्हणाल्या आणि पुढची कॉलर घेतली.

सहा महिन्यांनी त्या मेकॅनिकच्या हाताखाली होत्या आणि दहा वर्षांनी मेकॅनिक त्यांना विचारून हात लावत होता. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी घरातच काम मांडलं. जुन्या मशिनी त्यांच्या विशेष लाडक्या. एका कंपनीचं बॉबिन दुसरीच्या मशीनला बसतं, तिसरीचा पट्टा चौथीला चालतो, हे गोत्र त्यांना तोंडपाठ होतं. नव्या, प्लास्टिकच्या बंद अंगाच्या मशिनी मात्र त्या दारातूनच परत पाठवत. "हिला कंपनीत न्या, मला हिचं माहेर माहीत नाही," असं सांगत.

अशा बाईंच्या टेबलावर संगणक आला तो शिवणशाळेमुळे. शिवणशाळेच्या मुख्याध्यापिका एकदा आपल्या मशिनी घेऊन आल्या आणि काम बघत तासभर उभ्याच राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "काकू, आमच्याकडे मुली शिवायला शिकतात, पण मशीन बिघडलं की हात टेकतात. तुम्ही बारा धडे करून द्या. व्हिडिओ. मी शाळेत दाखवीन."

काकूंनी हो म्हटलं आणि मग विचार करायला लागल्या. भाची मदतीला आली. ती एका मोठ्या कार्यालयात नोकरीला होती, आणि त्याच सुमारास कार्यालयाने जुने संगणक बदलून ते नोकरदारांना दिले होते. भाचीने आपला मावशीला आणून दिला. काळी, चपटी, दोन शब्दकोश एकावर एक ठेवावेत एवढी पेटी. कंपनी अशी, की संगणक न वापरणाऱ्यालाही नाव ठाऊक असावं. भाचीने चित्रीकरण कसं कापायचं, जोडायचं ते शिकवलं. काकू आठवड्यात शिकल्या. कापणं आणि जोडणं हे काही त्यांना नवीन नव्हतं.

पहिले दोन धडे झाले. तिसऱ्याला घोडं अडलं. दोन कॅमेरे लावले होते, एक वरून आणि एक सुईच्या पातळीवर. दोन्ही चित्रं एकत्र केली की पडदा गोठायचा, पंखा घोंघावायचा आणि पेटी गप्प व्हायची.

काका, म्हणजे काकूंचे यजमान, खिडकीशी शब्दकोडं सोडवत बसलेले असत. आयुष्यभर पाणीपुरवठा कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालेले. ते मान वर न करता म्हणाले, "पाणी कुठे मुरतंय ते बघ. पाइप बदलण्याआधी आम्ही तेच करायचो."

"तेच बघायचंय," काकू म्हणाल्या, आणि पेटी उलटी केली.

स्क्रू शोधायला गेल्या तर स्क्रूच नव्हता. एक खटका होता, तो अंगठ्याने दाबला की अख्खं झाकण अलगद निघालं. आत हिरवी पाटी, म्हणजे मदरबोर्ड, एक पंखा, निळ्या रंगाचे खटके. जे जे हाताने काढायचं ते ते निळं. काकूंनी चष्मा सारखा केला. "अहो, हे बघा. ज्याने केलंय त्याने मन लावून केलंय."

मेमरीची एक पट्टी होती आणि शेजारी एक जागा रिकामी. काकू तिचा फोटो काढून कोपऱ्यावरच्या संगणक दुकानात गेल्या. दुकानदार चाळिशीचा, कायम काहीतरी जोडत बसलेला. त्याने तशीच पट्टी दिली. घरी येऊन त्यांनी ती बसवली, दोन्ही बाजूंनी टक असा आवाज झाला, आणि तिसरा धडा जरा पळायला लागला. काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच झाकण पुन्हा उघडून ती पट्टी परत एकदा बघितली.

पण चित्र पूर्ण तयार करून बाहेर काढायला पेटीला सगळी दुपार लागायची, आणि शेवटी ती मध्येच बंद पडायची. दुकानदाराने ऐकून घेतलं. "ग्राफिक कार्ड हवं, काकू. पण तुमच्या पेटीत बसणार नाही."

"का बसणार नाही?"

"ब्रँडेड आहे ना."

"ते नाव झालं दादा, कारण नाही झालं."

तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली. कपाटातून एक वापरलेलं कार्ड काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "घेऊन जा. बसवून बघा. उद्या आणून द्या."

कार्ड बसलं नाही. जागा होती, खाचही तीच होती, पण कार्ड उभं केलं की पेटीच्या वर चार बोटं निघायचं. शिवाय त्याला स्वतःची वेगळी वीज लागायची, आणि पेटीतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला तशी तारच नव्हती. नाकापेक्षा मोती जड. दुसऱ्या दिवशी काकू कार्ड आणि पेटी दोन्ही घेऊन दुकानात गेल्या. "वीजपुरवठा मोठा घालू या."

दुकानदाराने एक नेहमीचा वीजपुरवठा पुढे ठेवला. त्याचा मुख्य प्लग चोवीस पिनांचा. काकूंच्या पेटीत होता सहा पिनांचा.

"बरं," काकू म्हणाल्या, "मग पाटीच उचलून मोठ्या पेटीत ठेवली तर?"

"ठेवून बघा," दुकानदार म्हणाला. आता त्यालाही मजा वाटायला लागली होती. त्याने मागच्या खोलीतून एक रिकामी पेटी काढली. दोघांनी पाटी तिच्यावर धरली. दोन भोकं जुळली, बाकीची जुळेनात. पेटीचं बटण ज्या तारेने पाटीला जोडायचं तिचा प्लगही वेगळा. त्यावरही तोड म्हणून त्यांनी पाटी तशीच टेबलावर ठेवली, जुन्या वीजपुरवठ्याने चालवली, आणि बटणाऐवजी दुकानदाराने दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जोडल्या. पडद्यावर सूचना आली: पुढचा पंखा सापडत नाही. पुढे जायचं असेल तर कळ दाबा.

"पुढचा पंखा पेटीत राहिला," काकू म्हणाल्या.

"त्याची पिनही वेगळी आहे."

काकू हसल्या. राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांच्या आयुष्यात इतक्या निगुतीने कुणी त्यांना अडवलं नव्हतं. एक दार उघडावं तर पुढे दुसरं बंद, आणि प्रत्येक दाराचं कुलूप वेगळ्या कारागिराचं. घरी येऊन त्यांनी वहीत सगळं लिहून काढलं: काय बसतं, काय बसत नाही, का बसत नाही. मेमरी बसते. डिस्क बसते. प्रोसेसर त्याच पिढीतला थोडा वरचा बसतो. बाकी सगळ्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं.

ती प्रश्नचिन्हं सुटली ती अगदी योगायोगाने. पट्टीवाले भाऊ आपल्या बायकोची दुरुस्त झालेली मशीन न्यायला आले. सत्तरीचे, वाकलेले, सदऱ्याच्या खिशात पोलादी मोजपट्टी ठेवणारे. त्यांच्या घरची मशीन वीस वर्षं काकूंकडे येत होती, पण ते कुठल्या कारखान्यात होते, नक्की काय करायचे ते काकूंनी कधी विचारलं नव्हतं. टेबलावर उघडी पडलेली काळी पेटी बघून ते थांबले. खिशातली पट्टी काढली, पेटीची उंची मोजली आणि म्हणाले, "साडेनऊ सेंटिमीटर. आम्ही चौदा मागितले होते."

काकूंच्या हातातला पाना तसाच राहिला. "म्हणजे ही तुम्ही केलीत?"

"पेटी. आतली पाटी दुसऱ्यांची. आम्ही सहा जण होतो आखायला. ते निळे खटके माझे."

काकूंनी स्टूल पुढे ओढलं. "भाऊ, बसा. वहिनींना फोन करून सांगा, उशीर होणार आहे."

भाऊ बसले. काकूंनी वही उघडली आणि एकेक प्रश्न विचारला. साडेनऊच का? कारण विक्रीवाल्यांनी सांगितलं, मॉनिटरखाली मावली पाहिजे. कार्यालयं एकदम पाचशे घेतात, आणि त्यांना टेबल मोकळं हवं असतं. वीजपुरवठा लहान का? लहान पेटी, लहान पंखा, आवाज कमी. पुढचा पंखा नसला की तक्रार का? पंखा बंद पडलेला कुणाला कळत नाही, यंत्र भाजतं, म्हणून यंत्रानेच ओरडावं.

"आणि हा सहा पिनांचा प्लग? सगळ्या जगाचा चोवीसचा आहे."

"चोवीसांतल्या कितीतरी तारा जुन्या सवयीच्या आहेत," भाऊ म्हणाले. "इथे एकाच दाबाची वीज द्यायची, बाकीचं पाटीने बघायचं, असं ठरलं. तारा कमी, तापणं कमी, वीज कमी खाते. चांगली कल्पना आहे ती, काकू."

"म्हणजे लबाडी नाही."

भाऊंनी मोजपट्टी बोटांवर फिरवली. "लबाडी करायची म्हणून कुणी बसलं नव्हतं. पण दुसऱ्याचा भाग आता आत बसणार नाही हे कळलं, तेव्हा कुणाला वाईट वाटलं असंही नाही. बिघडलं तर एक फोन करायचा, आमचा माणूस आमचाच भाग घेऊन येणार, दहा मिनिटांत बसवून जाणार. शंभरातले नव्वद लोक झाकण कधी उघडतच नाहीत. आम्ही त्या नव्वदांसाठी आखली."

"आणि उरलेले दहा?"

"त्यांच्याबद्दल बैठकीत कुणी विचारलं नाही," भाऊ म्हणाले. मोजपट्टी खिशात ठेवत म्हणाले, "मीही नाही."

जाताना त्यांनी झाकण स्वतःच्या हाताने लावलं. खटका बसल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी मान किंचित हलवली. इतक्या वर्षांनीही तो नीट बसतोय याचं त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

काकूंनी ठरवलं, आता आपल्या दहांतला संगणक आपणच बांधायचा. भाचीने फोनवर दहादा सांगितलं, "मावशी, दुकानदाराला बांधायला सांग ना." पण ऐकावे जनाचे, करावे मनाचे. काकूंनी वही घेऊन तीन दुकानं पालथी घातली. पाटी आणि पेटी एकाकडून, मेमरी आणि प्रोसेसर दुसऱ्याकडून, वीजपुरवठा कोपऱ्यावरच्याकडून. तेच वापरलेलं कार्डही त्यांनी मागून घेतलं. पेटी निवडताना त्या तिच्या आत हात घालून बघत, मनगट वळतंय का, पाना फिरतोय का. विकणाऱ्यांना असलं गिऱ्हाईक नवं होतं.

रविवारी सकाळी टेबल पुसून, खाली जुनी चादर पसरून काकू बसल्या. दुपारपर्यंत सगळं जोडून झालं. तारा मागच्या बाजूने नेऊन त्यांनी शिवणाच्या दोऱ्याने बांधल्या, गाठी सगळ्या एका ओळीत. काका शब्दकोडं बाजूला ठेवून बघायला आले. काकूंनी बटण दाबलं.

पंख्याने अर्धा फेरा घेतला आणि थांबला.

पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा फेरा.

"रागावलाय वाटतं," काका म्हणाले.

सोमवारी काकू विचारत फिरल्या. पाटी विकणारा म्हणाला, मेमरी खराब असणार. मेमरी विकणाऱ्याने वीजपुरवठ्याकडे बोट दाखवलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने वीजपुरवठा तपासून दिला, तो ठणठणीत होता, आणि त्याने पाटीवर संशय घेतला. मामाने भाच्याकडे ढकलावं आणि भाच्याने मामाकडे, तशी गत. परतताना काकूंना भाऊंचं म्हणणं आठवलं: एक फोन करायचा. तो एक फोन म्हणजे किती मोठी चीज आहे हे त्यांना त्या दिवशी रस्त्यात उभं असताना कळलं. इथे पाच वस्तू होत्या, पाच हमीपत्रं होती, आणि पाचांचा मिळून संगणक होतो याची हमी कुणाचीच नव्हती. ती काकूंनी स्वतःवर घेतली होती, आणि घेताना त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

घरी येऊन त्या खुर्चीत नुसत्या बसल्या. भाचीचा फोन आला, तिने विचारलं, "मग परत करतेस का सगळं?"

"शिवणमशीन अडलं तर मी काय करते माहीत आहे?" काकू म्हणाल्या. "आधी पट्टा काढते आणि मोटर एकटी फिरवते. मोटर फिरली तर दोष मशीनमध्ये. नाही फिरली तर मोटरमध्ये. मी इथे सगळं एकदम फिरवत बसले."

त्यांनी पाटी पेटीतून बाहेर काढली, तिच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवली, आणि फक्त प्रोसेसर, एक मेमरी आणि वीज एवढंच जोडलं. दुकानदाराकडून शिकल्याप्रमाणे दोन पिना स्क्रूड्रायव्हरने टेकवल्या. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. पडद्यावर अक्षरं उमटली.

म्हणजे सगळे भाग निर्दोष होते. गुन्हेगार पेटी होती. काकूंनी बॅटरी घेऊन रिकाम्या पेटीत डोकं घातलं. पाटी टेकवायला पितळेचे छोटे खुंट असतात. पेटीत नऊ लावलेले होते, आणि पाटीला भोकं आठ. नववा खुंट पाटीच्या पाठीला जाऊन चिकटत होता, जिथे काहीच चिकटायला नको तिथे, आणि वीज भलतीकडे पळत होती. कंपनीने दिलेत म्हणजे लागत असणार, असं समजून काकूंनी ते मोजलेच नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांना बोलल्या, "हात लावण्याआधी मोजा," आणि स्वतःच फसल्या.

त्यांनी पाना लावला, नववा खुंट काढला आणि काकांच्या तळहातावर ठेवला.

"एवढ्याशा याने?" काका म्हणाले.

"पाण्याच्या पाइपात एवढासाच खडा असतो ना."

"आमच्याकडे एकदा बूट निघाला होता," काका म्हणाले आणि ती गोष्ट सांगायला लागले. ती ऐकत ऐकत काकूंनी सगळं परत बसवलं. संध्याकाळी भाची आली तेव्हा तिसरा धडा तयार होता. दोन्ही कॅमेरे एकत्र, अडथळा न येता. सुई खाली जाते, शटल फिरतं, दोरा फास घेतो, सगळं स्पष्ट दिसत होतं.

बारा धडे ठरल्यापेक्षा महिनाभर उशिरा शिवणशाळेत पोहोचले. मुख्याध्यापिकांनी उशिराबद्दल काही म्हटलं नाही, पण त्यांनी मोजून बघितलं तर धडे तेरा होते. तेरावा प्लास्टिकच्या बंद मशीनचा. काकूंनी एका गिऱ्हाइकाकडून तसली एक मागून आणली होती. त्या धड्यात त्या कॅमेऱ्याकडे बघून सरळ सांगतात की हे मशीन मी वीस वर्षं दारातून परत पाठवत आले, आणि त्याचं खरं कारण असं की याचे सांधे कुठे आहेत ते मला माहीत नव्हतं. मग त्या एक पातळ पट्टी फटीत सरकवतात आणि सांगतात, ज्याने हे बंद केलंय त्याने कुठूनतरी बंद केलं असणारच, ती जागा आपण शोधू. अर्ध्या तासात मशीन उघडतं. आतला एक दातेरी चाकाचा भाग कुठल्याच दुसऱ्या मशीनचा चालत नाही, हेही त्या लपवत नाहीत. "इथे आपला इलाज संपतो, इथून पुढे कंपनी," असं म्हणून झाकण परत लावून दाखवतात. शाळेतल्या मुलींना हाच धडा सगळ्यांत जास्त आवडतो, असं मुख्याध्यापिका सांगतात.

बांधलेल्या संगणकाने तीन वर्षं निमूट काम केलं. मध्ये दोनदा मेमरी वाढली, एकदा डिस्क. चौथ्या वर्षी कॅमेरे नवे आले, चित्रं मोठी झाली, आणि काकू नवा प्रोसेसर घ्यायला कोपऱ्यावर गेल्या. दुकानदाराने नवा प्रोसेसर त्यांच्या जुन्या पाटीच्या फोटोशेजारी ठेवला. पाय जास्त होते, बैठक वेगळी होती. पाटी बदलावी लागणार होती, आणि पाटीबरोबर मेमरीही.

"म्हणजे यालाही वेस आहे," काकू म्हणाल्या.

"वेस सगळ्यालाच असते. तुमची जरा लांब होती."

काकूंनी दोन्ही प्रोसेसर भिंगाखाली धरून पाय किती ते मोजायचा प्रयत्न केला, शे-दीडशेनंतर नाद सोडला, आणि किती आहेत ते दुकानदाराला विचारून वहीत लिहिलं. पाटी, प्रोसेसर आणि मेमरी नवी आली. पेटी, वीजपुरवठा, कार्ड आणि डिस्क तीच राहिली. निघालेली पाटी शिवणशाळेच्या कार्यालयातल्या संगणकात गेली. काकू स्वतः बसवायला गेल्या, आणि तिथल्या दोन मुलींना त्यांनी आधी पेटीतले खुंट मोजायला लावलं.

ती काळी चपटी पेटी अजून घरात आहे, काकांच्या टेबलावर, मॉनिटरखाली. ते तिच्यावर बातम्या वाचतात आणि शब्दकोडी सोडवतात. आवाज करत नाही, तापत नाही, कधी अडत नाही. मध्यंतरी भाचीने त्यांना नवा संगणक देऊ केला, तेव्हा काका म्हणाले, "कशाला? मी नव्वदांतला आहे. मला याचं झाकणही उघडायचं नाही." आणि त्यांनी सात अक्षरी शब्दासाठी परत पडद्याकडे बघितलं.